पासपोर्टचा फोटो कुठल्या देशाचा?

गेल्या चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, भरगच्च होती की यंदाची, यावरून गोव्यात मांद्र्याला मावसभावाच्या घरी वाद पेटला होता. पुरावा त्याच्या मोबाइलमध्ये. मी गॅलरी उघडली आणि बोटानं फोटो सरकवू लागलो. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजन, आंबाडे आणि मग एकदम एक रशियन पासपोर्ट. त्याच्या खाली जर्मन जोडप्याचे दोन. मग पुन्हा गणपती, मोदक, आणि परत कुणा ब्रिटिश आजोबांचा चेहरा, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सही.

भावाच्या घरामागे तीन खोल्या आहेत. ऑक्टोबर ते मार्च त्या भाड्यानं जातात. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. किनाऱ्यावर सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हा सी फॉर्म भरायला शेजारचा एक मुलगा यायचा. भाऊ फोटो काढायचा, व्हॉट्सॲपवर त्याला पाठवायचा, तो फॉर्म भरायचा. काम झालं की फोटो विसरला. असे तीन सीझन.

"दादा, त्यात काय एवढं? मी कुणाला विकलेत थोडेच!" तो म्हणाला.

विकले नाहीत हे खरंच. पण त्या जर्मन बाईच्या पासपोर्टचा प्रवास बघा. फोटो निघाला मांद्र्यात. मोबाइलनं तो आपोआप बॅकअपला चढवला, म्हणजे जगात कुठेतरी असलेल्या सर्व्हरवर. व्हॉट्सॲपची मालक कंपनी अमेरिकेतली. खोली बुक झाली एका संकेतस्थळावरून, ते तिसऱ्याच देशातलं. फॉर्म गेला दिल्लीच्या यंत्रणेकडे. एका सकाळी, चहा उकळेपर्यंत, एका बाईची ओळख तीन-चार देशांतून फिरून आली. उद्या ती माहिती चोरीला गेली तर तिनं तक्रार कुणाकडे करायची? पेडणे पोलिसांकडे? बर्लिनला? कॅलिफोर्नियात?

या प्रश्नावर जग गेली पन्नासेक वर्षं डोकं फोडतंय. माहितीला सीमा नसते आणि कायद्याला असते, ही मूळ अडचण.

पुढे जाण्याआधी शब्दांचं एक. डेटाला मराठीत 'विदा' हा चांगला शब्द आहे, पण तो वापरला की लोक विचारतात, कोण? त्यामुळे मी डेटाच म्हणतो. आणि प्रायव्हसीला सरकारी कागदांत 'गोपनीयता' म्हणतात, ते मला पटत नाही. गोपनीय म्हणजे लपवलेलं. आपलं नाव, जन्मतारीख, फोन नंबर यांत लपवण्यासारखं काही नसतं, तरी ते कुणी कशाला वापरायचं हे ठरवण्याचा हक्क आपला असतो. न्हाणीघराला दार असतं ते आत काही गुन्हा चाललाय म्हणून नव्हे. 'खाजगीपणा' हा शब्द त्याच्या जास्त जवळचा.

तर, सुरुवात संगणक खोलीएवढे होते तेव्हाची. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हेस या राज्यानं जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला. १९७३ मध्ये स्वीडननं देशपातळीवरचा पहिला केला. लगेच प्रश्न आला: एखाद्या कंपनीनं स्वीडिश लोकांच्या याद्या कायदा नसलेल्या देशात नेऊन तिथल्या संगणकावर ठेवल्या तर? म्हणजे ही पळवाट इंटरनेट घराघरात येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

इथे गोव्यातल्या वाचकांसाठी एक वळसा. पोर्तुगालनं हुकूमशाही संपल्यावर १९७६ मध्ये नवी राज्यघटना केली, आणि तिच्या ३५ व्या कलमात संगणकावरच्या माहितीपासून नागरिकाला संरक्षण दिलं. घटनेतच असा हक्क लिहिणाऱ्या अगदी सुरुवातीच्या देशांपैकी तो एक. आपण १९६१ मध्ये त्यांच्यातून सुटलो, त्यामुळे ते कलम आपल्या वाट्याला आलं नाही. पण पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आजोबांचा, वडिलांचा आणि स्वतःचा जन्म नोंदवणारी किती कुटुंबं आपल्या ओळखीची आहेत! त्यांच्या घराण्याची माहिती आज तिकडच्या कायद्याखाली पडून आहे. हा विषय गोव्याला परका नाही तो असा.

१९८० मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेनं मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती बनवणाऱ्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती मायकेल कर्बी. तत्त्वं आठच, आणि भाषा इतकी साधी की भावाच्या तीन खोल्यांना जशीच्या तशी लागू होते. हवी तेवढीच माहिती घ्या. कशासाठी घेता ते आधी सांगा. त्याच कामाला वापरा. सी फॉर्मसाठी घेतलेल्या नंबरवर पुढच्या सीझनची जाहिरात पाठवू नका. सांभाळून ठेवा. आणि चुकलं तर जबाबदारी तुमची. गंमत म्हणजे आज जगभर जे डेटा कायदे दिसतात त्यांतल्या बहुतेकांचा सांगाडा हाच आहे. पण ही तत्त्वं म्हणजे सल्ला होता. मोडला तर कोर्ट नव्हतं.

बंधनकारक करार आला पुढच्या वर्षी, २८ जानेवारी १९८१ रोजी, युरोप परिषदेचा (ही संघटना युरोपीय संघाहून वेगळी). नाव 'करार १०८', कारण त्या परिषदेच्या करारमालेतला तो एकशेआठवा. (आपल्याकडे १०८ म्हटलं की जपमाळ नाहीतर रुग्णवाहिका.) २८ जानेवारी हा दिवस आता डेटा संरक्षण दिन म्हणून पाळतात तो यामुळे. या कराराचं वैशिष्ट्य असं की त्याचं दार युरोपाबाहेरच्यांनाही उघडं आहे. २०१३ मध्ये उरुग्वे हा पहिला बिगर-युरोपीय देश आत गेला. भारत त्यात नाही.

सगळ्या जगाचा एक कायदा होईल असं मला वाटत नाही, आणि तशी वाट बघत कुणी बसलेलंही नाही. त्याऐवजी देशांनी केलं ते गावच्या दुकानदारासारखं. दुकानदार ओळखीच्या घराला खात्यावर माल देतो. ते घर पैसे बुडवणार नाही हे त्याला पिढ्यान्पिढ्या माहीत असतं. अनोळखी माणूस आला तर मात्र लिहून घेतो, सही घेतो.

युरोपीय संघ यातल्या पहिल्या प्रकाराला 'पुरेसं संरक्षण' असल्याचा निर्णय म्हणतो. एखाद्या देशाचा कायदा, तिथली कोर्टं, तिथलं सरकार लोकांच्या माहितीत किती हात घालतं, हे सगळं तपासून संघाचा ब्रुसेल्समधला कारभारी, युरोपीय आयोग, ठरवतो की तिकडे डेटा बिनधास्त जाऊ द्या. न्यूझीलंड, अर्जेंटिना, २०१९ मध्ये जपान, २०२१ मध्ये दक्षिण कोरिया अशांना ही खात्यावरची उधारी मिळाली. ज्यांना ती नाही, त्यांच्याशी सही-शिक्क्याचा मार्ग: आयोगानं स्वतः छापून दिलेली ठरावीक करारकलमं. युरोपातली कंपनी आणि पुण्यातली किंवा पर्वरीतली कंपनी त्यावर सह्या करतात, आणि पर्वरीवाली कंपनी युरोपीय नियम पाळायला करारानं बांधली जाते. भारतातल्या आयटी कंपन्यांचं युरोपातलं पुष्कळसं काम अशा कागदावर चालतं. कायद्याच्या जागी करार, एवढाच त्याचा अर्थ.

ही उधारी बंदही होते. ऑस्ट्रियाचा माक्स श्रेम्स हा कायद्याचा विद्यार्थी. २०११ मध्ये त्यानं फेसबुककडे स्वतःची सगळी माहिती मागितली तेव्हा बाराशेहून जास्त पानं हातात पडली, त्यांत त्यानं पुसून टाकलेलंही बरंच होतं. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्था किती पाळत ठेवतात हे एडवर्ड स्नोडेननं उघड केलं. श्रेम्सनं मग साधा प्रश्न विचारला: माझी माहिती अमेरिकेत गेल्यावर सुरक्षित आहे असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयानं युरोप-अमेरिका यांच्यातली 'सेफ हार्बर' व्यवस्था रद्द केली. तिच्या जागी 'प्रायव्हसी शील्ड' आली. जुलै २०२० मध्ये तीही रद्द. मग जुलै २०२३ मध्ये तिसरी. दोन महासत्तांमधला अब्जावधींचा व्यवहार एका चिवट तक्रारदारानं दोनदा अडवला, हे मला या सगळ्या रुक्ष इतिहासात सर्वांत आवडतं. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकानं फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, १२० कोटी युरोंचा दंड केला तो याच वादातून, युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल.

आता त्या जर्मन बाईकडे परत येऊ, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. युरोपचा डेटा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. लोकांना वाटतं तो युरोपीय नागरिकाच्या खिशात असतो, पासपोर्टसारखा. ती जिथे जाईल तिथे तोही जाईल. तसं नाही. नागरिकत्वाशी त्याचा संबंधच नाही. ती मांद्र्याला उतरून, रस्त्यावरची पाटी बघून भावाच्या दारात आली, तर त्या व्यवहारापुरता भाऊ युरोपीय कायद्याखाली येत नाही. पण त्यानं जर्मन भाषेत संकेतस्थळ काढलं, दर युरोत लावले, म्हणजे जर्मनीत बसलेल्या माणसालाच गिऱ्हाईक म्हणून बोलावलं, तर तो कायदा त्याच्या अंगणापर्यंत येऊ शकतो.

उलट बाजू आणखी मजेशीर. फोंड्याचा माणूस महाबळेश्वरची खोली बुकिंग डॉट कॉमवरून घेतो. गिऱ्हाईक भारतीय, हॉटेल भारतातलं. पण ती कंपनी ॲमस्टरडॅमची, म्हणून ती त्याच्या माहितीचं जे काही करते त्याला युरोपीय कायदा लागू. फोंडेकराला पत्ता नसतो, पण माझी माहिती दाखवा म्हणून त्या कंपनीकडे मागण्याचा हक्क त्यालाही आहे.

याच कंपनीची एक गोष्ट भावाला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा सावरून बसला. डिसेंबर २०१८. संयुक्त अरब अमिरातीतल्या ४० हॉटेलांतल्या कर्मचाऱ्यांना फोन गेले. भामट्यांनी गोड बोलून त्यांच्याकडून बुकिंग डॉट कॉमच्या यंत्रणेचे लॉगिन काढून घेतले. त्यातून ४,१०९ पाहुण्यांची माहिती त्यांच्या हाती लागली. २८३ जणांचे क्रेडिट कार्डाचे तपशील होते, आणि त्यांतल्या ९७ जणांचा कार्डामागचा सुरक्षा क्रमांकसुद्धा. कंपनीला १३ जानेवारी २०१९ रोजी कळलं. युरोपीय कायदा म्हणतो, असं काही कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगा. कंपनीनं सांगितलं ७ फेब्रुवारीला, म्हणजे २२ दिवस उशिरा. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं ४ लाख ७५ हजार युरो दंड लावला, तोही चोरी झाली म्हणून नव्हे, उशिरा सांगितलं म्हणून.

आखातातल्या एका रिसेप्शनवरच्या मुलानं फोनवर पासवर्ड सांगितला आणि दंड भरावा लागला ॲमस्टरडॅमला. भाऊ म्हणाला, "मलापण आलेला तसा फोन. 'तुमचं खातं बंद होणार, ओटीपी सांगा.' मी जेवत होतो म्हणून ठेवला." केवढा मोठा सुरक्षा उपाय ठरला तो माशाचा काटा!

युरोपच्या आत अशा प्रकरणात कोण पुढाकार घेणार हे ठरलेलं असतं. कंपनीचं मुख्य ठाणं ज्या देशात, तिथला नियामक पुढे होतो, बाकीचे त्याला माहिती देतात आणि त्याच्या निर्णयावर हरकतही घेऊ शकतात. स्टारवूड या हॉटेल साखळीच्या यंत्रणेत २०१४ पासून चोर शिरलेले होते. मॅरियटनं २०१६ मध्ये ती साखळी विकत घेतली, चोरांसकट, आणि चोरी कळली २०१८ मध्ये. जगभरातल्या सुमारे ३३ कोटी ९० लाख पाहुण्यांच्या नोंदी, त्यांत सुमारे ५२ लाख ५० हजार पासपोर्ट क्रमांक उघडेच, एन्क्रिप्शन न केलेले, म्हणजे कुणालाही सरळ वाचता येतील असे. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी इतर युरोपीय नियामकांच्याही वतीनं तपास केला आणि २०२० मध्ये १ कोटी ८४ लाख पौंड दंड केला. प्रत्येक देशानं आपापला तपास केला असता तर आजही कागद फिरत असते.

युरोपाबाहेरच्या नियामकांना जोडायला २०१० मध्ये एक जाळं तयार झालं, 'ग्लोबल प्रायव्हसी एन्फोर्समेंट नेटवर्क'. नाव भारदस्त, पण काम बरंचसं एकमेकांना फोन करण्याचं: तुमच्याकडे या कंपनीबद्दल काही तक्रारी आल्यात का, आम्ही तपास सुरू करतोय, सोबत येता का. आशिया-पॅसिफिक देशांची वेगळीच वाट आहे. तिथे कंपन्याच एका प्रमाणपत्रासाठी स्वतःला तपासून घेतात आणि त्या प्रमाणपत्रावर सीमापार डेटा फिरतो. मला ही पद्धत जरा सैल वाटते.

आणि या सगळ्याची मर्यादाही बघा. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीनं इंटरनेटवरून अब्जावधी चेहरे गोळा केले. इटली, फ्रान्स, ग्रीस यांनी २०२२ मध्ये प्रत्येकी २ कोटी युरो दंड लावला, नेदरलँड्सनं २०२४ मध्ये ३ कोटी ५ लाख. पण कंपनीचं युरोपात कार्यालयच नाही. दंड ठोठावणं वेगळं आणि वसूल करणं वेगळं, हे आपल्याकडच्या पंचायतीलाही ठाऊक असतं.

भारत यात उशिरा आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा कायदा भारतात डिजिटल स्वरूपात हाताळल्या जाणाऱ्या माहितीला लागू आहे, माणूस कुठल्याही देशाचा असो. म्हणजे त्या जर्मन बाईचं संरक्षण मांद्र्यात करायचं आहे ते आपल्याच कायद्यानं. सी फॉर्म भरायला तिची संमती लागत नाही, ते कायद्यानं सांगितलेलं काम आहे. नोंद ठेवणंही बंधनकारक. पण ती मोदकांच्या फोटोशेजारी, कुलूप नसलेल्या मोबाइलमध्ये ठेवा असं कुठेच लिहिलेलं नाही.

या कायद्यातली एक तरतूद गोव्यानं लक्षात ठेवावी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला दिला पाहिजे. कोकणी आणि मराठी दोन्ही त्या यादीत आहेत. इथे भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो. निदान 'मी सहमत आहे'चं बटण तरी दोघींना मिळेल.

सीमापार डेटाबाबत भारतानं युरोपच्या उलट रीत धरली आहे. युरोप म्हणतो, विश्वास पटलेल्या देशातच जाऊ द्या. आपण म्हणतो, केंद्र सरकारनं ज्याला मनाई केली तो देश सोडून कुठेही जाऊ द्या. धंद्याला हे सोपं. दुसरीकडे, केंद्र सरकार स्वतःच्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं, आणि ती सूट बरीच रुंद आहे. मला तीच खटकते. युरोपनं भारताला अजून खात्यावरची उधारी दिलेली नाही. कधी तपासायला बसले तर पहिलं बोट ते याच कलमावर ठेवतील. अमेरिकेशी दोनदा बिनसलं तेही सरकारी पाळतीवरूनच.

एवढं सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "ते ब्रुसेल्सचं राहू दे. मी आता काय करू ते सांग."

मग दुपारभर बसलो. जी नोंद ठेवायची ती घरातल्या संगणकावर, पासवर्ड असलेल्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये गेली. एन्क्रिप्शन म्हणजे किल्ली नसेल तर फाइल नुसती अक्षरांची खिचडी दिसते, संगणक चोरीला गेला तरी. बुकिंगच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावली. पासपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवणं बंद, फॉर्म आता तो पाहुण्यासमोरच भरतो. भारतीय पाहुण्यांकडून तो अख्खं आधार घ्यायचा. आता मास्क्ड आधार मागतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि जे कुणालाही फुकट डाउनलोड करता येतं. पहिल्या दिवशी एक पाहुणा त्याच्यावरच संशय घेऊन गेला, ती गोष्ट वेगळी. आणि गॅलरीतले तीन सीझनचे पासपोर्ट एकेक करून पुसले. पुसलेले फोटो बॅकअपच्या कचरापेटीत ६० दिवस तसेच राहतात हे कळल्यावर पेटीही रिकामी केली.

संध्याकाळी चहा घेताना त्यालाच आठवलं. "दादा, मी पाठवलेले फोटो त्या मुलाच्या मोबाइलवर असतील ना?"

तो मुलगा गेल्या वर्षी पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला कामाला गेला. मोबाइल तोच घेऊन. म्हणजे त्या जर्मन बाईचा पासपोर्ट मांद्र्याहून निघून पुन्हा युरोपात पोचला होता, तिच्या आधी की नंतर कुणास ठाऊक.

भावानं लगेच फोन लावला. तिकडे दुपार होती, मागे भांड्यांचा आवाज. सगळं समजावून सांगितल्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आवाज आला, "खंयचे फोटो रे?"